मोहरीचे डोळे

मी एक जुना चिमटा आहे. स्वयंपाकघरातला नव्हे, घड्याळाच्या दुकानातला. लांबीने तुमच्या तळहाताएवढा, टोकाला सुईसारखा बारीक. मित्रांनो, मला पाहिलेत तर तुम्ही म्हणाल, याच्या आयुष्यात सांगण्यासारखे काय असणार? पण मी हजारो डोळे लावले आहेत. तेच आज सांगतो.

माझा जन्म पोलादाच्या दोन पट्ट्यांतून झाला. एका कारागिराने माझी टोके घासून जुळवली आणि दिव्यासमोर धरली. दोन टोकांमधून उजेड दिसेना, तेव्हा त्याने मला पसंत केले. तिथून मी एका घड्याळजींच्या टेबलावर आलो. घड्याळजी कमी बोलत, नीटनेटके काम करीत. केसापेक्षा बारीक स्प्रिंग, मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू, सेकंदकाटे, सगळे मी उचलले. संध्याकाळी ते मला फडक्याने पुसत, तेलाचा एक थेंब लावत आणि मगच दुकान बंद करीत. मी सुखात होतो.

पण त्यांच्या पत्नीला, म्हणजे बाईंना, वेगळाच नाद होता. त्या वाटेवर पडलेले काहीही उचलून आणत. अक्रोडाची टरफले, वाळक्या शेंगा, सुरूची फळे, पिसे, शिंपले. त्यांतून त्या प्राणी बनवीत. सुरूच्या फळाचे साळिंदर, शेंगेच्या होडीत बसलेला उंदीर, शिंपल्याचे पंख असलेले बदक. डोळे मात्र सगळ्यांना मोहरीचे. मोहरीचा दाणा बोटात धरून डिंक लावणे काही सोपे नाही. एक दिवस बाईंनी मला दुकानातून उचलले. परत आणले, तेव्हा माझे एक टोक किंचित आत वाकलेले होते.

"अगं, टोक वाकवलंस की!" घड्याळजी ओरडले. "आता याने काटा कसा धरू?"

"काटा नाही धरता येणार," बाई म्हणाल्या. "मोहरी बघा कशी धरतो ते. तुमच्याकडे अजून तीन आहेत. हा माझा."

असा मी बाईंचा झालो. खरे सांगतो, सुरुवातीला मला वाईट वाटले. कुठे सेकंदकाटा आणि कुठे मोहरी!

बाई दर रविवारी बागेच्या फाटकाशी घडीचे टेबल मांडीत. शेजारी स्टुलावर घड्याळजी चहाचा थर्मास घेऊन बसत. टेबलावरच्या एकाही प्राण्याला डोळे नसत. गिऱ्हाइकाने एखादा निवडला, की बाई त्याची गोष्ट सुरू करीत. पहिल्या वाक्याला एक डोळा, शेवटच्या वाक्याला दुसरा. गोष्ट आधी ठरलेली नसे. सांगता सांगता त्यांचा हात हलायचा, पहिल्या डोळ्याचा डिंक तोवर वाळायला लागलेला असायचा, आणि दुसरा डोळा नेहमी थोडा वर किंवा थोडा खाली बसायचा. घड्याळजींना ते बघवत नसे.

एका शनिवारी बाई बहिणीकडे गेल्या होत्या. घड्याळजींना वाटले, आपण मदत करावी. त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि दिवसभर बसून बावीस प्राण्यांना चव्वेचाळीस डोळे लावले. सगळे रेषेत. मीच लावले ते, मलाही अभिमान वाटला. पण रविवारी लोक थांबत, बघत आणि पुढे जात. संध्याकाळपर्यंत एक उंदीरसुद्धा गेला नाही.

"सरळ आहेत की नाही?" घड्याळजींनी विचारले.

"अगदी सरळ आहेत. फोटो काढायला बसवल्यासारखे," बाई म्हणाल्या. "चव्वेचाळीस डोळे लावलेत, आणि त्यातला एकही माझ्याकडे बघत नाही."

मग दोघेही इतके हसले की थर्मास लवंडला. घरी जाऊन बाईंनी माझ्याच टोकाने ते सगळे डोळे काढले. त्या दिवशी मला कळले, मित्रांनो, की नुसते अचूक असणे म्हणजे सगळे काम नव्हे.

बाईंचे एक ठरलेले गिऱ्हाईक होते. शहरबसचा ड्रायव्हर. फाटकासमोरच त्याचा थांबा होता. त्याची आई अंथरुणाला खिळलेली. वर्षातून एकदा तो तिच्यासाठी एक प्राणी नेई आणि गोष्ट जशीच्या तशी तिला सांगे. मागच्या वेळी त्याने अक्रोडाचे कासव निवडले. बाईंनी मला हातात घेतले, पहिला डोळा लावला आणि म्हणाल्या, "एक कासव होतं. त्याला घरी जायची अजिबात घाई नव्हती."

तेवढ्यात कंडक्टरने हाक मारली.

"काकू, गाडी सुटायची वेळ झाली!" ड्रायव्हर पळता पळता म्हणाला. "राहिलेली गोष्ट पुढच्या रविवारी. दुसरा डोळाही तेव्हाच लावा!"

परत जाताना घड्याळजींनी विचारले, "पुढे काय होतं त्या कासवाचं?"

"मला तरी कुठे माहीत?" बाई म्हणाल्या. "दुसरा डोळा लावताना कळेल."

त्यानंतरचा रविवार बाईंनी पाहिला नाही. गुरुवारी छातीत दुखले आणि त्या गेल्या.

घड्याळजींनी मला बाईंच्या रुमालात गुंडाळून कपाटाच्या खणात ठेवले. माझ्या टोकाला त्या पहिल्या डोळ्याचा डिंक तसाच वाळून चिकटला होता. आयुष्यभर रोज मला पुसणाऱ्या माणसाने तो पुसला नाही. शेवटचा डिंक होता ना तो. खणात मी किती महिने होतो, ते मला माहीत नाही. माझ्यावर गंजाचे ठिपके आले. घड्याळजी कधी खण उघडत, रुमालावर हात ठेवत आणि खण लावून घेत. मला प्रेमाने ठेवले होते, पण गंज काही प्रेम बघत नाही.

मग एके दिवशी दारावर थाप पडली. ड्रायव्हर आला होता.

"काका, काकूंचं कळलं. यायला हवं होतं आधीच," तो म्हणाला. "आई आता फार दिवस काढेल असं वाटत नाही. रोज विचारते, कासवाचं पुढे काय झालं. मी म्हणालो, विचारून येतो."

"मला गोष्टी येत नाहीत रे," घड्याळजी म्हणाले. "कासव घेऊन जा."

"एका डोळ्याचं?"

घड्याळजींनी कासव आणले, डिंक आणला, मोहरी आणली. आधी दुकानातला दुसरा चिमटा घेतला. मोहरी सटकून जमिनीवर गेली. दुसरी ड्रायव्हरच्या चहात पडली. तिसरी कुठे गेली ते कुणालाच दिसले नाही.

मग खण उघडला.

त्यांनी मला रुमालातून काढले आणि खिडकीशी नेले. माझी टोके चिकटलेली होती. ती उघडायची तर डिंक खरवडावा लागणार होता. पाते हातात घेऊन ते नुसते उभे राहिले. ड्रायव्हरने मान खाली घातली. शेवटी त्यांनी पाते फिरवले. डिंकाचा कण त्यांच्या बोटावर पडला. त्यांनी तो बघितला आणि हळूच फुंकर मारली.

मोहरी मी पहिल्याच फटक्यात धरली.

"एक कासव होतं," घड्याळजी म्हणाले. "त्याला घरी जायची अजिबात घाई नव्हती. कारण घर पाठीवरच होतं. आणि घरात आता दुसरं कुणी नव्हतं. एकदा त्याला वाटलं, हे ओझं खाली ठेवून द्यावं. ठेवायला गेलं, तर ठेवता येईना. घर अंगालाच जुळलेलं."

"मग?" ड्रायव्हरने विचारले.

"मग काय. चालत राहिलं." घड्याळजींचा हात हलत होता. "वाटेत कुणी भेटलं, कुणी विचारलं, बाबा, कसा आहेस? तेवढ्यापुरतं घर हलकं लागलं."

आणि त्यांनी दुसरा डोळा लावला.

ड्रायव्हरने कासव उजेडात धरले. "काका, डोळा थोडा वर गेलाय."

"हो," घड्याळजी म्हणाले. भिंग समोरच होते. त्यांनी ते उचलले नाही. "असू दे."

त्या दिवशी त्यांनी माझा गंज घासून काढला, मला पुसले आणि तेलाचा एक थेंब लावला. मला पुन्हा रुमालात गुंडाळले नाही. टेबलावरच ठेवले, बाईंच्या डिंकाच्या बाटलीशेजारी. पलीकडे खोक्यात एकोणीस प्राणी डोळ्यांची वाट बघत आहेत.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाची कात्री असेल, कुणाची सुई, कुणाचा ब्रश. ज्यांची होती ती माणसे आता नसतील. त्या वस्तू जपा, पण कपाटात नको. पुसा, तेल लावा आणि कामाला घ्या. हात थोडा चुकेल. चुकू द्या. आम्हाला जुना हात आठवतो, नव्यालाही आम्ही सांभाळून घेतो.

उद्या रविवार आहे. घड्याळजींनी आताच घडीच्या टेबलावरची धूळ झटकली. मोहरीची डबी त्यांनी खिशात टाकली. मला वरच्या खिशात ठेवले, टोक वर करून.