चाळीस पानं, एक बोकड

"यंदा तीन बोकड कापू, धनीबाई. वरून वीस किलो बायलर कोंबडी," तांड्याचा नायक मोहनसिंग म्हणाला. "लोकाईचं आता एका वाट्यानं भागत नाही."

होळीचा दुसरा दिवस होता. मी पळसाची पानं पुसत होती. आमच्या तांड्यात जितकी घरं तितके वाटे, सगळे सारखे. पस्तीस वर्षं झाली, वाटे मीच लावते. वजनाचा काटा लागत नाही, नजर पुरते.

माही नात रंजीता शेतकी कॉलेजात शिकते. तिनं सकाळीच बजावलं होतं, "दादी, तीन कापले तं मी वाटे लावाले बसणार नाही. आपलं सोयाबीन कुठी जाते? पेंड होऊन बायलरच्या पोटात. एवढ्याशा मटणामांगं हौदभर पाणी जाते."

आता माही नजर शिकाले तिच्याबिगर कोणी नाही. ती उठून गेली, तं माह्या मांगं काटाच येईन.

म्हून मी म्हटलं, "काप ना तीन. माह्या सासूच्या वक्ताले एका तांड्यानं तीनच कापले होते. त्याईची इहीर उठली, न चालत केनवड गावाले गेली."

"इहीर कशी चालन, वो?" मोहनसिंगनं इचारलं.

"पाय नव्हते, म्हून हळू गेली. लोक दोर-बादली घेऊन मांगं धावले. म्या सोता पाह्यलं."

"तू तं तवा जन्मलीच नव्हती!"

"म्हून तं नीट ध्यानात हाय."

सगळे हसले. मोहनसिंगही हसला, पण त्याची नजर इहिरीकडं गेली. फागणातच तळ दिसत होता. त्यानं गुपचूप दोन बोकडाईचे दोर सोडले.

"एकात पुरन?"

"पुरवते."

माह्यं धरून चाळीस घरं, चाळीस पानं. काळजाचा तुकडाही सगळ्याईले सारखा. शेवटचे दहा वाटे रंजीतानं लावले. सोता खात नाही पोट्टी, पण एकही वाटा हलका नाही.

लोक पानं घेऊन गेले. मांगून देवानंद आला, संग नवी बायको. यंदाच त्यानं बापापासून चूल येगळी मांडली. एकेचाळीसावं घर. मी त्याले मोजलंच नव्हतं.

उरलेलं एक पान मी त्याच्या बायकोच्या हाती देलं.

"दादी, आपला वाटा?" रंजीतानं हळूच इचारलं.

"आपला तं सगळ्यात मोठा हाय."

मी एक रिकामं पान दुमडलं, काडीनं टाचलं, न जड असल्यावानी दोन्ही हातानं धरून घरी निघाली.