बेथेस्डाच्या खिडकीबाहेर

"अ‍ॅग्नेस, बाजार तिकडं आहे," दारातली पायरी घासता घासता मिसेस फिलन म्हणाली.

"ठाऊक आहे मला बाजार कुठं आहे ते."

"नाही, तिसऱ्यांदा चाललीस म्हणून म्हटलं."

अ‍ॅग्नेस टायर्नीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पुढे निघाली. पिशवी रिकामी होती. कुणी विचारलंच तर सांगायला बरं, म्हणून ती घेतली होती. पण डोक्यावर निळी हॅट होती, आणि बटाटे आणायला कुणी निळी हॅट घालून जात नाही, हे मिसेस फिलनलाही कळत होतं आणि अ‍ॅग्नेसलाही. कोपऱ्यावर वळली की समोर बेथेस्डा चॅपेल दिसायचं. धुराने काळवंडलेली दगडी भिंत, साध्या लांबट खिडक्यांची रांग. तिथे अकरा वाजता तिच्या मुलीचं लग्न होतं.

मुलगी एकच, मॉनिका. तिने चॅपेलवाल्या माणसाशी जमवलं. स्टॅन्ली शोरॉक, गिरणीतला जॉबर, दारूला न शिवणारा, हातात कला असलेला पोरगा. तो चॅपेलवाला, म्हणजे प्रॉटेस्टंट होता, आणि टायर्नी कॅथलिक, एवढंच काय ते नडलं. या गावात चॅपेलवाले आणि कॅथलिक एकाच गिरणीत राबायचे, एकाच दुकानात मटण घ्यायचे, पण एकमेकांच्या देवाच्या दारात पाय ठेवायचे नाहीत. जत्रेतल्या मिरवणुकासुद्धा दोघांच्या वेगवेगळ्या दिवशी निघायच्या. शोरॉकच्या घरचे म्हणाले, लग्न आमच्या चॅपेलमध्ये. मॉनिका हो म्हणाली. फादर क्वर्कनी अ‍ॅग्नेसला बोलावून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "आपल्या धर्माच्या दृष्टीनं हे लग्नच नाही. तू तिथं गेलीस, त्यात भाग घेतलास, तर ते मोठं पाप होईल. उंबरा ओलांडू नकोस."

अ‍ॅग्नेसने मान डोलावली होती. नवरा गेला तेव्हा याच फादरनी तिला उभं केलं होतं. कापसाची धूळ छातीत बसून मॅथ्यू खोकून खोकून गेला, तेव्हा नऊ दिवस रोज घरी येऊन बसले होते. त्यांच्यापुढे नाही म्हणायला तिची जीभ उचलली नाही.

गुरुवारी मॉनिकाशी वाजलं. मॉनिका पांढऱ्या झग्याला टाके घालत होती.

"येणार आहेस का नाही, एवढं सांग."

"मला बाजारात जायचंय शनिवारी."

"आई."

"अगं, मी बाहेर उभी राहीन. फाटकाशी."

"भिकाऱ्यासारखी? नको. आत यायचं तर ये, नाहीतर येऊच नकोस. आणि आली नाहीस ना, तर माझ्या घराचीही पायरी चढू नकोस पुढं."

हे ती रागाने बोलली असती तर अ‍ॅग्नेसने सोडून दिलं असतं. पण ती दोरा दाताने तोडत, अगदी सावकाश बोलली. बापाचा स्वभाव. मॅथ्यू एकदा बोलला की त्यात बदल नसे. तेव्हापासून अ‍ॅग्नेसच्या पायाला जागा सापडत नव्हती. शुक्रवारी गिरणीत साच्यावर कापड विणताना तिचे चार धागे तुटले आणि तिला कळलंही नाही.

चौथ्या फेरीला चॅपेलच्या फाटकात एली सग्डन उभा होता. चॅपेलचा राखणदार. सत्तरीचा, गुडघ्यातून वाकलेला, एके काळी अ‍ॅग्नेसच्याच साळखात्यात, गिरणीच्या विणकाम विभागात, जॉबर होता.

"मिसेस टायर्नी, रस्ता झिजवाल तुम्ही. आत या."

"मला आत चालत नाही, एली."

"अंगणात चालतं का?"

अ‍ॅग्नेसने विचार केला. फादर उंबरा म्हणाले होते. "उंबरा कुठला धरायचा?"

"दाराचा. हे फाटक आहे. फाटकाला कुणी उंबरा म्हणत नाही."

"तुमच्यात नसतील म्हणत."

"तुमच्यात म्हणतात?"

हे तिला माहीत नव्हतं. ती आत शिरली आणि भिंतीच्या कडेने, कुणाच्या तरी बागेतून चालल्यासारखी, जपून चालू लागली. दारातल्या दगडापासून तिने चांगलं दहा पावलांचं अंतर ठेवलं. आत बाजा सुरू झाला.

"आली ती," एली म्हणाला. "पुढच्या दारानं. एकटीच."

"डॉमिनिक नाही बरोबर?" डॉमिनिक अ‍ॅग्नेसचा भाऊ. मॉनिकाला बाप नाही, तर मामाने हात धरून न्यावं, असं एकदा बोलणं झालं होतं.

"नाही दिसला."

तोही नाहीच आला म्हणजे. कॅथलिक चर्चमध्ये दर रविवारी प्रसादाला लोकांना ओळीने सोडायचं काम त्याच्याकडे, तो कसला येतोय. अ‍ॅग्नेसला भावाचा राग आला आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

एलीने तिच्याकडे पाहिलं, मग बॉयलरखोलीकडे गेला आणि कोळशाची लाकडी पेटी फरफटत आणून दुसऱ्या खिडकीखाली ठेवली. "खालच्या काचा धुरकट आहेत. वरच्या साध्या. चढा. मी धरतो."

"हे बरं दिसतं का?"

"वाईट दिसेल. पण तुम्हाला दिसेल तरी."

ती चढली. पांढरे हातमोजे खिडकीच्या काळ्या दगडावर टेकले आणि तिला आत सगळं दिसलं. डावीकडची बाकं मुलीकडच्यांची. तिथे टायर्नींपैकी कुणी नव्हतं. साळखात्यातल्या बायका मात्र उजवीकडून उठून तिकडे येऊन बसल्या होत्या, बाकं रिकामी दिसू नयेत म्हणून. चॅपेलवाल्या बायका, पण सगळ्या ओळखीच्या. पुढे मॉनिका पाठमोरी, शेजारी स्टॅन्ली, आणि त्यांच्यासमोर मिस्टर पिलिंग, चॅपेलचे धर्मगुरू. काचेतून आवाज येत नव्हता.

त्याची तिला गरजही नव्हती. साळखात्यात साचे सुरू झाले की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. तिथे बायका ओठांनी बोलतात, तोंड मोठं करून, आवाज न काढता. भाजीचे भाव, नवऱ्यांच्या कागाळ्या, कुणाला दिवस गेले, सगळं. पस्तीस वर्षं अ‍ॅग्नेसने असंच ऐकलं होतं. मॉनिकाही चौदाव्या वर्षी हेच शिकली, आईच्या शेजारच्या साच्यावर.

मिस्टर पिलिंगचं तोंड प्रवचनाने मोकळं झालेलं. शब्द न् शब्द दिसत होता. ते ओळीने विचारत गेले आणि मग म्हणाले, "ही मुलगी या पुरुषाला कोण देतं?"

मॉनिकाने हा प्रश्न गाळायला सांगितला होता. देणारं कुणी नाही, विचारू नका. पिलिंगनी कबूलही केलं होतं. पण तीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि ते कानापर्यंत लाल झाले. स्टॅन्लीने बुटांकडे पाहिलं. बाकांवर कुणी हललं नाही.

मॉनिका मागे वळली. कुणाला शोधायला वळली, की नुसती तोंड लपवायला, कोण जाणे. तिची नजर बाकांवरून फिरत खिडकीवर आली आणि तिथेच थांबली.

अ‍ॅग्नेसने तोंड उघडलं. चार साच्यांपलीकडच्या बाईला सांगावं तसं, मोठं.

मी. मी देते. मी, तिची आई.

आवाज तिच्या घशातून निघाला नाही. पेटी धरून खाली उभ्या असलेल्या एलीलाही काही ऐकू आलं नाही. पण मॉनिकाने वाचलं. आणि तिची मान वळली तशा माना वळवलेल्या साळखात्यातल्या साऱ्या बायकांनीही वाचलं. मिस्टर पिलिंग दक्षिणेकडचे, गिरणीतली ही ओठांची बोली त्यांना येत नव्हती; त्यांना फक्त खिडकीत तोंड उघडझाप करणारी निळी हॅट दिसली. मॉनिका त्यांच्याकडे वळून म्हणाली, "आई देते म्हणते." ते खिडकीकडे पाहून वाकले आणि पुढे वाचू लागले.

अ‍ॅग्नेस एलीचा हात धरून खाली उतरली. एलीने पेटी बॉयलरखोलीत परत नेली.

लोक बाहेर आले. मॉनिका पायऱ्या उतरून थेट भिंतीपाशी आली, आईची एका कानावर आलेली हॅट तिने सरळ केली आणि हातमोज्यांवरची काजळी पाहिली.

"चहा आहे मागच्या खोलीत," ती म्हणाली.

"ती खोली चॅपेलचीच ना?"

"हो."

"मग नाही येत."

मॉनिकाने हातमोज्यावरची काजळी अंगठ्याने पुसली. "मंगळवारी ये. घर माझं आहे. तिथं कुणाचा उंबरा नाही."

"येईन," अ‍ॅग्नेस म्हणाली. तिला मोठ्याने रडावंसं वाटत होतं. तिने बाजारात जाऊन बटाटे घेतले.

संध्याकाळी ती चर्चमधल्या पापाच्या कबुलीच्या पेटीत गुडघे टेकून बसली. जाळीपलीकडे फादर क्वर्क. गाव केवढंसं, त्यांच्या कानावर आलंच असणार.

"आत गेलीस?"

"नाही, फादर."

"काही बोललीस?"

"आवाज नाही काढला."

"अ‍ॅग्नेस."

"बोलले. मुलगी दिली मी माझी."

फादर जाळीजवळ वाकले. "वाईट वाटतं ना तुला त्याचं? एवढं म्हण. मी माफी देतो, उद्या सगळ्यांबरोबर प्रसाद घे."

तिने मनापासून प्रयत्न केला. डोळे मिटले, वाईट वाटून घेऊ पाहिलं. तिला मॉनिकाचा वळलेला चेहरा दिसत राहिला, आणि छातीत जे काही दाटलं ते वाईट वाटणं नव्हतं.

"नाही वाटत, फादर."

"मग मला माफी देता येत नाही."

"नका देऊ. खोटं कसं बोलू तुमच्याशी?"

"मी थांबतो. विचार कर." आणि ते खरंच थांबले. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता. मग ती उठली, पडदा सारून बाहेर आली. रांगेतल्या दोघी तिच्याकडे पाहून बाजूला झाल्या.

रविवारी ती नेहमीच्या बाकावर, तिसऱ्या ओळीत बसली. प्रसादाची वेळ झाली. पापाची माफी नसलेल्याने प्रसादाला जायचं नसतं, आणि कोण गेलं नाही ते सगळं चर्च बघतं. डॉमिनिक एकेक ओळ उठवत तिसरीपाशी आला आणि बहिणीसमोर थांबला. तिने मान वर केली नाही. तो आणखी जरा थांबला. बाकावर तिच्यापलीकडे मिसेस फिलन उभी होती, तिच्यामागे आणखी चौघी.

अ‍ॅग्नेसने गुडघे एका बाजूला घेतले आणि त्यांना जायला वाट करून दिली.