साइन तीस, बरोबर अर्धा

टक्.

माझी लेक खारू झोपली असेल म्हणून मी दार हळूच लोटून घेतलं होतं. रविवारची दुपार. नळ बंद, शेजारचा रेडिओ बंद, आणि त्या शांततेत आतल्या खोलीतून तो आवाज आला. जरा वेळाने पुन्हा. टक्.

कॅल्क्युलेटरचं सरकतं झाकण. तीन वर्षं माझा दिवस त्याच आवाजाने उघडत होता. पहाटे साडेचारला उठायचं, स्वयंपाकघराच्या ओट्यावरच वही पसरायची, झाकण सरकवायचं. निकाल लागला त्या दिवशी मात्र मी तो कपाटाच्या खालच्या खणात, लोकरीच्या कपड्यांखाली दडपून टाकला होता.

मी इंजिनियर आहे. भिंती, पाये, जिने यांची गणितं करते. आमच्या ऑफिसातून जाणाऱ्या नकाशांत गेल्या नऊ वर्षांतल्या बहुतेक भिंती माझ्या. डोंगर कापून रस्ता केला की मागची माती अंगावर येऊ नये म्हणून बांधतात ना, त्या भिंती. पण नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असते, तिच्यात सही साहेबांची. कारण परवाना त्यांच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. परवान्याची परीक्षा पास झाल्याशिवाय मला माझ्याच भिंतीखाली सही करता येत नाही.

साहेब या वर्षअखेर निवृत्त होणार. "तुझा परवाना निघाला तर ही खुर्ची तुझीच," ते म्हणाले होते. "नाहीतर बाहेरून माणूस आणावा लागेल, आणि तो तुला काड्या करत बसेल." दोनदा मी थोडक्यात नापास झाले होते. हा तिसरा प्रयत्न. तिसऱ्यातही गेलं की दोन वर्षं बसूच देत नाहीत.

खारूला हे सगळं ठाऊक होतं, साडेचार वर्षांच्या पोरीला ठाऊक असतं तितकं. तिचा बाबा दूर धरणाच्या कामावर, पंधरा दिवसांतून एकदा येणारा. त्यामुळे घरात आम्ही दोघीच. ती पहाटे उठून माझ्या पायाशी पांघरूण ओढून बसायची, तिच्या वहीत रेघोट्या मारायची. "माझीपण परीक्षा आहे," म्हणायची. शाळेच्या वाटेवर माझी एक भिंत आहे, तिला ती 'आईची भिंत' म्हणते. रोज जाताना तिच्यावर थाप मारते, जशी एखादी गाय असावी.

कॉलेजात आमचे सर सांगायचे, "यंत्र हातात घेतलं की आधी त्याची नाडी बघा. साइन तीस दाबा. बरोबर अर्धा आला तर यंत्र शुद्धीवर आहे." ती सवय मी कधी सोडली नाही. परीक्षेच्या दिवशीसुद्धा घरातून निघताना दाबलं. अर्धा. कॅल्क्युलेटर खिशात टाकला आणि खारूला घेऊन निघाले.

तिला दिवसभर जाऊबाईंकडे ठेवायचं होतं. बसमध्ये बसल्यावर तिच्या ते लक्षात आलं आणि तिने माझा हात दोन्ही हातांनी धरला. रडली नाही. नुसता हात धरला. रडली असती तर बरं, असं वाटायला लावणारं ते धरणं. काय करणार? मी खिशातून कॅल्क्युलेटर काढून तिच्या मांडीवर ठेवला. एरवी तिला कधी हात लावू देत नाही. ती इतकी हरखली की माझा हात आपोआप सुटला. मी खिडकीशी बसून सूत्रं पुटपुटत राहिले.

जाऊबाईंच्या दारात तिने तो परत दिला. "घे. मी यात तुझी सगळी गणितं करून ठेवलीत."

मी तिचा मुका घेतला आणि पळाले.

पेपर बरा गेला. मातीच्या भागात मात्र उत्तरं चारपैकी एकाही पर्यायाशी तंतोतंत जुळेनात. मी सगळ्यात जवळचं निवडत गेले. घड्याळ पळत होतं, आणि पेपर काढणारे असे फसवे पर्याय देतातच.

सहा आठवड्यांनी निकाल आला. पडद्यावर एक शब्द, 'अनुत्तीर्ण', आणि खाली विषयवार पट्ट्या. तुळया, खांब, पूल, सगळ्या लांबलचक. मातीची पट्टी नखाएवढी.

माझी माती! ज्या विषयावर नऊ वर्षं जगले तो.

ऑफिसात ड्राफ्ट्समन काकांनी वाकून पाहिलं. ते नकाशे काढतात आणि कोणाच्याही दुःखावर एखादा विनोद ठेवल्याशिवाय त्यांना राहवत नाही. "काय बाई, मातीच्याच पेपरात माती खाल्लीत!"

सगळे हसले. मीही हसले. मग स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

साहेबांनी माझ्या नव्या भिंतीचा नकाशा पुढे ओढला, चौकटीत सही केली आणि पेनाचं टोपण लावलं.

जाऊबाई म्हणाल्या, "मी आपली तुला साहेबीणबाई म्हणायची तयारी करून बसले होते. जाऊ दे गं. पोर लहान आहे, तिच्यात मन रमव."

रात्री खारूच्या बाबाचा फोन आला. "तू नीट झोपली नसशील."

"झोपले होते रे."

"मग होतं गं असं. पुढच्या वेळी."

"पुढची वेळ दोन वर्षांनी आहे."

"हो, पण..." आणि रेंज गेली. किंवा गेली असं मी समजून घेतलं.

नापास होण्याचं इतकं नव्हतं. पण मातीच चुकली म्हणजे मला मातीच कळत नाही की काय? मग त्या सगळ्या भिंती? साहेब डोळे मिटून सह्या करत आले का? मी जुन्या फायली काढून एकेक भिंत तपासायला लागले. कोणाला सांगू शकत नव्हते. 'माझ्या भिंती उभ्या राहतील ना' हे एखाद्या इंजिनियरने कोणाला विचारायचं? शाळेची वाट मी बदलली, लांबून जायला लागले. खारूने दोन दिवस विचारलं, मग सोडून दिलं.

आणि आज, रविवारी दुपारी, तो आवाज ऐकून आत गेले तर ती कपाटापुढे लोकरीच्या कपड्यांच्या ढिगात बसलेली.

"मी काही दाबलं नाही हं. नुसतं झाकण."

खरंच, यंत्र बंद होतं. मी तिच्या शेजारी फरशीवर बसले, ते हातात घेतलं, चालू केलं. आणि बोटांनी आपली सवय केली. साइन. तीस.

शून्य पूर्णांक चार, पाच, चार.

पुन्हा दाबलं. तेच. मग वर पाहिलं. पडद्याच्या वरच्या कडेला मुंगीएवढं एक अक्षर असतं, कोन कशात मोजतोय ते सांगणारं. अंशाचा 'डी' असायला हवा होता. तिथे 'जी' होता. ग्रॅड. काटकोनाचे नव्वदऐवजी शंभर भाग करणारं, आम्ही कोणी कधी न वापरलेलं माप. एकच बटण, दोनदा दाबलं की पुरे.

तुळया-खांबांचं तसं नाही, पण मातीची गणितं सगळी कोनांवर चालतात, आणि पेपरातला बत्तीस अंशांचा प्रश्न मला पाठ होता. तीस अंश असते तर चूक तेव्हाच डोळ्यांत भरली असती, तीसची उत्तरं आम्हाला तोंडपाठ असतात. बत्तीसची कोणाला असणार! दाबून पाहिलं. परीक्षेत आलेलं तेच उत्तर आलं. अक्षर बदललं, पुन्हा दाबलं. पर्याय क्रमांक दोन, तंतोतंत.

माझ्या भिंती बरोबर होत्या. नऊ वर्षांच्या सगळ्या.

छातीवरचं ओझं उतरलं आणि त्याच क्षणी दुसरं चढलं. हे सांगायचं कोणाला? तिच्या बाबाला सांगितलं तर तो कधीतरी तिच्यासमोर हसत बोलून जाईल. जाऊबाई तर तिच्या लग्नापर्यंत पुरवतील. 'हिने आईला नापास केलं हो!' आणि ते खरंही नाही. नाडी परीक्षेच्या खोलीत बघायची असते. मी ती घरी बघितली, आणि मग माझा हात सुटावा म्हणून यंत्र तिच्या हातात दिलं. चूक माझी. पण हे एवढं नीट कोण ऐकून घेणार? म्हणजे कोणालाच नाही.

मी झाकण लावलं. टक्.

खारू माझ्या मांडीवर सरकली. तिने कॅल्क्युलेटरवर थाप मारली, भिंतीला मारते तशी, आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"आई, मी यात तुझी गणितं करून ठेवली होती ना, ती सगळी बरोबर आली का?"