मोटारसायकलखालचा पुठ्ठा

"साम्राज्यं तलवारीनं बुडत नाहीत, ती आतून थेंबाथेंबानं झिरपून जातात," असं मीटरवाल्यानं रविवारी सकाळी जाहीर केलं. त्या वेळी तो जिन्याखाली आपल्या तेवीस वर्षांच्या मोटारसायकलपुढे उकिडवा बसून इंजिन पुसत होता.

"असेल," बायको म्हणाली, "पण तुम्ही धुतलेल्या बनियननं पुसताय."

मीटरवाला म्हणजे घरोघर जाऊन पाण्याची मीटरं वाचणारा माणूस. जिने चढून चढून त्याच्या गुडघ्यांनी राजीनामा कधीचा लिहून ठेवला होता; तो खिशातच राहिला होता तो या गाडीमुळे. निदान एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत तरी बसून जाता येई. आता तेही संपायची वेळ आली होती. गाडीखाली तेल साचू लागलं, तेलावर पुठ्ठा आला, पुठ्ठ्यावर दुसरा पुठ्ठा आला, आणि बुधवारी बायको त्या पुठ्ठ्यावरून घसरून दुधाच्या पातेल्यासकट खाली बसली. तिनं आरडाओरडा केला नाही. उठली, पदर झटकला आणि भंगारवाल्याला फोन केला. तो आज पाच वाजता येणार होता.

मीटरवाल्यानं दोन महिन्यांत दोनदा इंजिनाचं पॅकिंग बदललं होतं. पहिल्या खेपेला बोटं सोलली, दुसऱ्या खेपेला नुसताच कंटाळा आला. गाडी नेमानं गळत राहिली.

शेवटी दोन वाजता कोपऱ्यावरचा मिस्त्री आला. त्यानं गाडीकडे पाहिलं, मग मीटरवाल्याकडे.

"दोघांत जुनं कोण?"

"वयानं मी. हालत सारखीच आहे."

मिस्त्रीनं रॉकेलनं इंजिन लख्ख पुसलं आणि हाक मारली, "वहिनी, तोंडाला लावायची पावडर आहे का?"

"शेवटचं नटवताय का तिला?" म्हणत तिनं डबा आणून दिला.

पावडर फासलेली गाडी दहा मिनिटं सुरू ठेवून मिस्त्री तिच्याकडे कान देऊन बसला. आपलं कुणी इतका वेळ ऐकून घेतल्याचं मीटरवाल्याला काही आठवेना. गाडी बंद केली तेव्हा सांध्यांवरची पावडर कोरडी ठणठणीत होती. खालच्या बोल्टाभोवती थेंबभर ओल होती; बाकी ओली होती ती फक्त इंजिनाची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी. तिथून तेल ओघळून खाली येत होतं.

"तेल कधी घातलंत?"

"रोज सकाळी, अर्धा कप. तेल मोजायच्या काडीला लागतच नाही, मग काय करू?"

"रोज?"

आतल्या खोलीतून खोकला आला. पाठोपाठ मीटरवाल्याचे वडील आले. ही गाडी मुळात त्यांचीच.

"संध्याकाळी मी घालतो. हा विसराळू. म्हटलं, कोरडी पडायला नको बिचारी."

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

"काडी कशी बघता, दाखवा," मिस्त्री म्हणाला.

गाडी बाजूच्या स्टँडवर भिंतीशी कलती उभी होती. मीटरवाल्यानं तेलाची काडी उपसली, पुसली, बुडवली, पुन्हा उपसली. टोक कोरडं. "बघा!"

मिस्त्रीनं गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी केली आणि काडी परत बुडवली. तेल वरच्या खुणेच्याही पार वर.

"कलत्या गाडीत तेल पलीकडे जातं, काडीला कुठून लागणार? पहिले चार थेंब खालच्या बोल्टच्या वायसरचे. बाकीचं तुम्ही दोघांनी मिळून पाजलेलं. ओकत होती हो ती! काम काय करता तुम्ही?"

"मीटर वाचतो," मीटरवाला हळूच म्हणाला.

मिस्त्री हसला नाही. वायसर शोधायला पाठ वळवून बसला. खांदे मात्र बराच वेळ हलत होते.

जुनं तेल डब्यात उतरलं, बोल्टला तांब्याचा नवा वायसर बसला, नवं तेल खुणेपर्यंत भरलं. गाडी गल्लीत दोन फेऱ्या मारून आली आणि कोऱ्या पुठ्ठ्यावर उभी राहिली. वडील खुर्ची आणून राखणीला बसले. पाच वाजता भंगारवाला हातगाडी घेऊन दारात आला. बायको खाली वाकली, पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं.

कोरडं.

"गाडी नाही द्यायची," ती भंगारवाल्याला म्हणाली. "हे जुने पुठ्ठे न्या."

मीटरवाल्याचे गुडघे एकदम हलके झाले. साम्राज्यांवर नवं काहीतरी बोलायला त्यानं घसा साफ केला.

"अहो," बायको म्हणाली, "ते काढलेलं तेल टाकू नका. कपाटाचं दार कुरकुरतंय, दोन थेंब सोडा तेवढे."