हिरव्या बियांची बरणी

"बाबा, हा काय प्रकार आहे?"

शिलाई मशीनच्या टेबलावर मिठाच्या पाण्याने काठोकाठ भरलेला वाडगा होता. त्यात नस्टर्शियमच्या वेलाच्या हिरव्यागार बिया बुडवून ठेवल्या होत्या आणि वाडग्याखाली होता गिऱ्हाइकाचा रेशमी कोट. तिने वाडगा उचलला तर कोटाच्या पाठीवर ओला गोल डाग.

"ओट्यावर जागा नव्हती गं," सासरे म्हणाले. "रात्रभर मिठाच्या पाण्यात राहिल्या की उग्रपणा जातो. मग व्हिनेगरमध्ये घातल्या की झालं."

ओट्यावर जागा असणार कुठून? तिथे बरण्या, फ्रिजच्या दारात बरण्या, खिडकीत बरण्या. ज्या माणसाने जन्मभर पाण्याचे पंप दुरुस्त केले आणि कधी रोपट्याला तांब्याभर पाणी घातलं नाही, त्याला दोन वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या आजारपणानंतर या वेलाचं वेड लागलं होतं. ऑम्लेटमध्ये त्याची गोल पानं, पावावर लोण्यासोबत केशरी फुलं आणि वर्षभरासाठी बियांचं लोणचं. पहिल्यांदा तिलाही कौतुक वाटलं होतं. पण कौतुकालाही काही मर्यादा असते. वेलाने भिंत व्यापली, मग कपड्यांची दोरी धरली; तिने धुऊन वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर माव्याची कीड चढली. नवऱ्याकडे तक्रार केली की तो म्हणे, "म्हातारपणी काहीतरी छंद हवा ना त्यांना." स्वतः सकाळी बाहेर पडायचा, त्याचं काय जात होतं म्हणायला!

कोटाचं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. साध्या पाण्याने पुसून, फडक्यावरून इस्त्री फिरवूनही डागाची कडा जाईना. शेवटी तिचा संयम सुटला. ती तरातरा मागच्या दारी गेली आणि तिने वेल उपटायला सुरुवात केली. पाणीदार देठ नुसते ओढले की निघत होते. इतके मऊ की राग काढायलाही पुरेनात.

सासरे दारात येऊन उभे राहिले. ते भांडले असते तर बरं झालं असतं. पण ते एवढंच म्हणाले, "मुळासकट कशाला?"

"पुन्हा उगवू नये म्हणून!"

दुपारी सूप उकळत असताना तिने मिठाचा डबा उघडला. डबा रिकामा. सगळं मीठ त्या वाडग्यात गेलेलं! एवढ्यासाठी आता मी दुकानात जाऊ? मुळीच नाही. तिने तसंच अळणी बटाट्याचं सूप वाडग्यात ओतून त्यांच्यापुढे आदळलं. कळू दे म्हणावं मिठाची किंमत.

ते शांतपणे जेवले. वाडगा चाटूनपुसून साफ केला.

"झकास झालंय," ते म्हणाले.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "टोमणे मारू नका, बाबा."

"टोमणा कसला? खरंच झकास झालंय."

"आणि मीठ?"

"अगदी बेताचं."

ती बघतच राहिली. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चमचा हळूच खाली ठेवला. चोरी पकडली गेल्यावर माणूस ठेवतो तसा.

"नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

"कणभरसुद्धा नव्हतं."

त्यांनी रिकामा वाडगा बाजूला सरकवला. "त्या तापानंतर गेलं सगळं. चवही नाही, वासही नाही. ते फूल एकदा सहज तोंडात टाकलं तर जिभेला झोंबलं. तेवढंच काय ते कळतं."

"अहो, मग सांगायचं नाही का? दोन वर्षं!" तिचा आवाज चढला, रागाने की कशाने ते तिचं तिलाही कळेना. "रोज म्हणताय, झकास, फक्कड..."

"तू रोज विचारायचीस. तुझ्या तोंडाकडे बघून सांगायचो."

 ती उठून मागच्या दारी गेली. वेलांचा ढीग उन्हात मलूल पडला होता. ती खाली बसली आणि चाळणीत बिया खुडू लागली. थोड्या वेळाने सासरे शेजारी स्टूल घेऊन बसले.

"पिवळट नको," ते म्हणाले. "कडक असतात. त्या पुढच्या वर्षी पेरायला ठेव."

"मला अक्कल शिकवू नका," ती म्हणाली आणि पिवळट बिया पदरात वेगळ्या बांधल्या. एक हिरवी बी तिने दाताखाली फोडली. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलं नाही.

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. तिने डाग स्वतःच दाखवला, बोलणी खाल्ली आणि पाठीचं कापड बदलून देते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने मीठ आणलं, नीट बेताने घातलं आणि सुपाचा वाडगा सासऱ्यांपुढे ठेवला. बाजूला बियांची बरणी ठेवली. सवयीने तोंडातून निघून गेलं, "कसं झालंय?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. एक घोट घेतला, तोंडात धरला आणि गिळला.

"गरम आहे," ते म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि कोटाच्या पाठीची शिवण उसवायला बसली.