गाणाऱ्या गुहेची पाटी

मी एक जुनी पाटी आहे. खडूने अक्षरे गिरवण्याची नव्हे, मित्रांनो, वाट दाखवण्याची. माझ्या अंगावर 'गाणारी गुहा' एवढे दोनच शब्द आहेत, आणि त्यांतले एक अक्षर खाऱ्या वाऱ्याने खाऊन टाकले आहे. माझ्या टोकाला माशाचे तोंड कोरलेले आहे आणि त्यावर निळ्या रंगाचा एक डोळा आहे. डोळा एकाच बाजूला आहे, हे लक्षात ठेवा. माझे सगळे सुखदुःख त्यातच आहे.

पाटी होण्याआधी मी एका होडीची फळी होते. माझी एक बाजू सदा पाण्यात असे आणि दुसरीवर माणसे पाय टेकवत. नावाडी स्वभावाने तापट होता, पण होडीवर त्याने कधी हात उगारला नाही. त्याची लहान मुलगी माझ्याशेजारी बसून पाण्यात बोटे बुडवी आणि उगाचच खुदुखुदू हसे. समुद्र म्हणजे माझे माहेर. पुढे नावाडी थकला, होडीही थकली. नावाडी गेल्यावर होडी मोडायला काढली, तेव्हा माझ्या बहिणी एकेक करून चुलीत गेल्या. मी तेवढी वाचले, कारण त्या मुलीने मला घट्ट धरून ठेवले आणि कुणी काही बोलले तरी सोडले नाही.

तीच मुलगी पुढे चहावाली मावशी झाली. टेकडीच्या अलीकडे, तीन वाटा फुटतात तिथे तिची टपरी होती. गावात पाहुणे फिरायला येऊ लागले होते. एक वाट दीपस्तंभाकडे, एक शिंपल्यांच्या किनाऱ्याकडे आणि एक गाणाऱ्या गुहेकडे. त्या गुहेत वारा शिरला की खरेच कुणी गुणगुणल्यासारखे वाटते म्हणे. जो येई तो मावशीला वाट विचारी, आणि वाट सांगता सांगता चहा उतू जाई. शेवटी वैतागून ती आपल्या नवऱ्याला, सुताराला म्हणाली, "अहो, एक खांब रोवा आणि त्यालाच बोलू दे. माझं निम्मं दूध चुलीत चाललंय!"

सुतारकाकांनी खांब रोवला. दोन पाट्या नव्या लाकडाच्या केल्या. त्या खिळ्यांनी पक्क्या ठोकल्या. मला मात्र त्यांनी ठोकले नाही. माझ्या एका टोकाला माशाचे तोंड कोरले, दुसऱ्या टोकाला बोट जाईल एवढे भोक पाडले आणि मला एका जाड सळईत अडकवले, म्हणजे मला फिरवता येईल. यामागे मावशीचेच डोके होते. गुहेची वाट भरतीला पाण्याखाली जाते. म्हणून भरती सुरू झाली की मावशी हातातले काम टाकून येई आणि ओल्या हाताने मला गर्रकन मागे फिरवी. मग माझी अक्षरे आणि डोळा टपरीच्या भिंतीकडे होत आणि रस्त्याला माझी कोरी पाठ दिसे. आलेल्या पाहुण्यांना दोनच ठिकाणे दिसत. तिसरे आहे याचा त्यांना पत्ताही नसे. ओहोटी लागली की ती मला पुन्हा सरळ करी.

काम मानाचे होते, मी नाही म्हणत नाही. माझ्याशेजारी उभे राहून किती जणांनी फोटो काढले! पण मित्रांनो, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी माझी गत होती. साऱ्या जगाला मी समुद्राची वाट दाखवत होते, आणि मला मात्र तो दिसत नव्हता. मध्ये टेकडी आडवी होती. वारा फिरला की तेवढा वास येई. भरतीच्या वेळी गाज टेकडीवरून खाली उतरे, आणि नेमके तेव्हाच माझे तोंड भिंतीकडे असे. त्या भिंतीवर तेलाचा एक डाग आणि एक पाल. बाकी काही नाही. इतकी वर्षे त्या डागाकडे पाहत मी लाटा ऐकल्या.

पाहुणे परत येत तेव्हा माझ्या खांबाला टेकून चपला झटकत. त्यांची वाळू माझ्या पायाशी साठे. मावशी केरसुणी घेऊन येई, पण तेवढा कोपरा झाडायचा ती टाळी. का, ते तिने कुणाला सांगितले नाही. मला कळत होते. तिलाही टपरी सोडून टेकडीपलीकडे जायला सवड कुठे होती? माहेर हाकेवर आणि जायला मात्र फुरसत नाही, अशा आम्ही दोघी.

एकदा काठी टेकत एक आजोबा आले. त्यांना चढ चढवेना, म्हणून ते माझ्याखाली बसून राहिले आणि घरची माणसे गुहा पाहून आली. नातीने त्यांच्या कानाशी एक शंख धरला. आजोबांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "आता हिलाही ऐकव. ही पण माझ्यासारखी इथेच राहिली." नात बाकावर चढली आणि तिने तो शंख माझ्या लाकडाला लावला. आत नुसता वाराच होता, हे मला ठाऊक आहे. तरीही पुढे कितीतरी दिवस माझे कामात लक्ष लागले नाही.

मग सुतारकाका गेले. सळईला तेल घालणारे कुणी उरले नाही. रस्ता डांबरी झाला आणि गावाने मोठ्या हौसेने पत्र्याची उंच पाटी आणली. तिच्यावर तिन्ही ठिकाणांचे रंगीत फोटो होते. खाली सिमेंट ओतणारा गडी छाती फुगवून म्हणाला, "वादळ आलं तरी हलायची नाही!" सगळ्यांनी वाहवा केली. मावशीनेही सगळ्यांना चहा पाजला. जी हलायला हवी तीच आपण पक्की करून ठेवतो आहोत, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. मला फिरवणे मावशीला दुधावर झाकण ठेवण्याइतके अंगवळणी पडले होते. असल्या गोष्टी कुणी कुणाला सांगते का?

मला तिने टपरीमागे नेले आणि दोन दगडांवर ठेवून माझ्यावर कप मांडले. पालीचीही सोबत सुटली. भरतीच्या वेळी आता ती पाहुण्यांना तोंडाने सांगू लागली. पण माणसाला पाणी भरायलाही जावे लागते.

त्या दिवशी ती हंडा घेऊन विहिरीवर गेली होती. तेवढ्यात एक मोटार आली. आई, वडील आणि एक छोटी मुलगी उतरली. टपरीला कडी पाहून त्यांनी पत्र्याच्या पाटीवरचा गुहेचा फोटो पाहिला आणि त्या वाटेने हसत हसत निघून गेले. मी मागे पडून सारे ऐकत होते. टेकडीवरून गाज उतरू लागली होती. मला कुणीतरी फिरवा, असे ओरडावेसे वाटत होते. पण लाकडाचे कोण ऐकतो?

मावशी परतली. तिने मोटार पाहिली, ओल्या मातीवरची छोटी पावले पाहिली. "अगं बाई! भरतीचं पाणी!" हंडा तिथेच आपटून ती मागे धावली. माझ्यावरचे कप खळाखळा फुटले. तिने मला खांद्यावर घेतले आणि टेकडी चढू लागली. वय झालेली बाई ती, धापा टाकत होती, पण थांबली नाही.

आणि मग, मित्रांनो, टेकडीपलीकडे समुद्र होता.

तो डोळे भरून पाहायला वेळ नव्हता. गुहेच्या खडकाच्या आणि काठाच्या मध्ये एक अरुंद घळ आहे. ओहोटीला ती दगडांवरून सहज ओलांडतात. आता तिथे पाणी घुसळत होते. पलीकडे ते तिघे उभे होते आणि वडील पाण्यात पाय टाकायच्या बेतात होते.

"उतरू नका!" मावशी ओरडली. "ओढून नेईल! ही फळी घ्या, तिकडचं टोक घट्ट धरा!"

मी आडवी पडले. मुलगी पुढे येईना. मावशी गुडघ्यांवर बसली आणि हात पसरून म्हणाली, "पाण्याकडे बघू नकोस, राणी. माझ्याकडे बघ. बसून बसून ये. ही फळी माझ्या बाबांच्या होडीची आहे. हिनं कुणाला बुडवलं नाही."

मुलगी सरकत आली. मी कुरकुरले, पण वाकले नाही. मग आई आली. शेवटी वडील. पुन्हा माझ्या पाठीवर माणसांचे पाय होते आणि पोटाला खारे पाणी लागत होते. इतका आनंद मला पाटी म्हणून कधी झाला नाही.

तिघे काठावर पोचले तोच एका मोठ्या लाटेने मला उचलले. मी निघाले. खरे सांगते, मला जावेसे वाटत होते. पण मावशी गुडघाभर पाण्यात शिरली आणि माझ्या टोकाच्या भोकात तिने बोट अडकवले. "तू कुठं निघालीस?" ती रडतच म्हणाली. "बाबांचं आणखी काय राहिलंय माझ्यापाशी?"

मी राहिले.

त्या मुलीचे वडील नंतर म्हणाले, "पाटीवर भरतीचं काही लिहिलं नव्हतं हो." मावशी खालमानेने म्हणाली, "लिहिलेलं नव्हतंच कधी. मी फिरवत होते." गावाला तेव्हा पहिल्यांदा कळले.

आता मावशीची टपरी टेकडीच्या पलीकडे, गुहेच्या वाटेच्या तोंडाशी आहे. तिच्यासमोर नवा खांब आहे आणि नव्या सळईवर मी आहे. ओहोटीला माझे तोंड तुमच्याकडे असते. भरती सुरू झाली की मावशी ओल्या हाताने मला फिरवते. पण इथे मागे भिंत नाही.

मित्रांनो, फिरायला जाल तिथे वाट दाखवणाऱ्याचे ऐका. माझ्या सळईला कधीतरी तेल घाला, कारण मावशीचे हात आता थकले आहेत. आणि माझी कोरी पाठ दिसली, तर रागावू नका, पुढे जाऊ नका. टपरीवर बसा, चहा घ्या. पाणी उतरेपर्यंत मला माहेरी राहू द्या.