रोवण्याच्या गाण्याचे सर्व हक्क

"संगीताचा धंदा मेलेला आहे," हेमराजने जाहीर केलं, "आणि यापुढे जगातलं प्रत्येक गाणं फक्त आणि फक्त गाणाऱ्याच्या मालकीचं राहील!"

वाक्य संपवताना त्याने मानेला जो झटका दिला, त्याने उजव्या कानातला इअरबड निसटला आणि आलूबोंड्याच्या चटणीत जाऊन पडला.

काली पुतली चौकातल्या त्या टपरीवर सगळ्यांनी चटणीकडे पाहिलं. मग राकेशने चमचा पुढे केला.

"काढ. मालक तूच आहेस."

"काही होत नाही त्याले. पाण्यात टिकते हा."

"पाण्यात टिकते. चटणीचं काय लिवलं आहे डब्यावर?"

राकेश त्याचा शाळेपासूनचा मित्र होता, त्यामुळे त्याच्यावर हेमराजच्या मतांचा परिणाम होत नसे. बाकी बालाघाटात हेमराजला मान होता. नोकरी विजेच्या सबस्टेशनवर, पण जीव सगळा यंत्रांत. फोनचा कॅमेरा आकड्यांवरून घेऊ नये, नवं सॉफ्टवेअर आलं की आठवडाभर हात लावू नये, गाण्यांच्या अ‍ॅपवर तबल्याच्या डग्ग्याचा आवाज मरतो, अशी त्याची पक्की मतं होती. हेमराजचं मत ऐकल्याशिवाय गावातला माणूस विजेवर चालणारी वस्तू घेत नसे. ऐकून झालं की मेहुणा सांगेल ती घेत असे.

मोठं काही सांगायचं असलं की तो पुस्तकी मराठीत शिरत असे. आताही तो पुन्हा शिरणारच होता, तेवढ्यात फोन वाजला. कानात घालायचं साधन चटणीत असल्यामुळे त्याने स्पीकर लावला.

"काका, सब उड गया!"

श्रुतिका होती. हेमराजची खैरलांजीकडे विमलाबाई नावाची मावशी होती. तिच्या लेकाची ही मुलगी. वारासिवनीला कॉलेजात होती, रोवण्यासाठी, म्हणजे भाताच्या लावणीसाठी, घरी आली होती.

"काय उडलं?"

"आपलं चॅनेल. पूरा बंद. आजीचे, सगळ्या बायांचे गाणे गेले. तीन कंप्लेंट लागल्या म्हणते, चोरीच्या. कोणी एच. आर. म्युझिक आहे. काका, तुमाले तं या धंद्यातलं सब मालूम है. कोन आहे हा एच. आर. म्युझिक? मले फक्त पत्ता द्या. चपलीनं बोलतो मी त्याच्यासंग."

हेमराजने स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. "पाहतो," तो म्हणाला. "तू टेन्शन नको घेऊ. मी पाहतो."

फोन ठेवला तेव्हा राकेश चमच्यातला इअरबड कागदाने पुसत होता.

"कोन आहे बे हा?"

"असंल कोणी मुंबईचा," हेमराज म्हणाला, आणि चहा अर्धा टाकून उठला.

एच. आर. म्युझिकचं मुख्य कार्यालय हेमराजच्या घरी, कूलर आणि शिलाई मशीन यांच्या मधल्या जागेत होतं. गेल्या हिवाळ्यात मावशी दवाखान्यासाठी बालाघाटला आली, तेव्हा त्याने नवा माइक घेतला होता. त्याने खिडक्यांना गाद्या लावल्या, कूलरवरच्या पालीला हाकललं आणि मावशीला रोवण्याची गाणी म्हणायला लावलं. मावशीला बसून गाता येईना. ती उभी राहिली, मग नकळत कमरेत वाकली, आणि मग गाणं आलं. बांधीत, भाताच्या खाचरात, उतरलेल्या बगळ्याकडे सासुरवाशीण माहेरची खुशाली विचारते, ते गाणं. हेमराजच्या अंगावर काटा आला होता. असं गाणं उद्या मुंबईचा कोणीतरी उचलणार, खाली ढोल लावणार आणि आपलं म्हणून विकणार, याबद्दल त्याची खात्री पटली.

म्हणून त्याने एका एजन्सीमार्फत ती गाणी जगभर चढवली. एजन्सीने नाव विचारलं. मावशीचं टाकायचं त्याच्या मनात होतं, पण ओटीपी त्याच्या फोनवर येणार होता. आणि नाव टाइप करताना बरंही वाटलं होतं. पुढे यंत्राने विचारलं, 'या ध्वनीचे मूळ मालक आपणच का?' त्याने हो म्हटलं. 'नक्कल आढळल्यास आपल्या वतीने तक्रार करावी का?' त्याने मोठ्या समाधानाने हो म्हटलं.

यंत्र इमानी निघालं. सारं जग धुंडाळून त्याला एकच चोर सापडला. खैरलांजीकडे चिखलात उभी राहून एक म्हातारी विमलाबाईचीच गाणी, विमलाबाईच्याच गळ्याने, राजरोस म्हणत होती.

हेमराज मोटारसायकलवर बसला. निघण्याआधी त्याने एजन्सीला माफीवजा मेल लिहिला होता. वारासिवनीला थांबून पाहिलं तर उत्तर आलेलं होतं. 'प्रिय एच. आर. म्युझिक, आपल्या हक्कांचं रक्षण करण्यास आम्ही कटिबद्ध आहोत.' खाली बारीक अक्षरात होतं की पुढच्या तक्रारी थांबवता येतील. बंद झालेलं चॅनेल मात्र परत येत नाही. त्याने ते दोनदा वाचलं. बाजूच्या ठेल्यावरच्या माणसाने आपला फोन पुढे करून विचारलं, "भैया, ये चार्ज नहीं पकड रहा, जरा देखोगे?" हेमराजने, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, "मुझे नहीं समझता," असं सांगितलं.

त्या भागात रोवणा आधी ऐकू येतो, मग दिसतो. वळणावर गाणं कानावर आलं की गाडी हळू करायची, अशी हेमराजला लहानपणापासूनची सवय. त्यामुळे तो मावशीच्या शेतापुढून सरळ निघून गेला. पुढच्या नाल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तो मागे वळला.

बाया होत्या. पाठीवर प्लास्टिकचे कागद बांधून, ओळीने वाकून, पऱ्हे म्हणजे भाताची रोपं रोवत होत्या. पण आवाज फक्त चिखलातून निघणाऱ्या पायांचा होता. ओळही वाकडी झाली होती. गाण्यावर सगळ्यांचे हात एकदम चालतात. आज कोणी पुढे होती, कोणी मागे, आणि एकजण मधेच उभी राहून कमर दाबत होती.

"काहून चूप आहा सगळ्या?" हेमराजने विचारलं. उत्तर ठाऊक असलं की माणूस आवाज उगाच मोकळा काढतो, तसा त्याचा निघाला.

शेजारची नूतन सरळ झाली आणि तिने कमरेच्या प्लास्टिकच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"हळू बोला भाऊजी. मोबाईल आहे."

"मंग?"

"मंग काय? तो आयकते. पोरीचं चॅनेल असंच तं पकडलं ना. गाणं म्हटलं का कंपनीले समजते."

"माहे मालक सांगत होते, घरी पोलीस येते म्हणून," मागची एक म्हणाली.

"तुह्या मालकानं पोलीस पाह्यला तरी आहे का वं?" तिसरीने विचारलं, पण हळू आवाजात, आणि हसण्यासाठी तिने तोंडावर चिखलाचा हात धरला.

तसं नसते, असं सांगायला हेमराजने तोंड उघडलं. पण नीट विचार केला तर जवळजवळ तसंच होतं. त्याने तोंड मिटलं.

श्रुतिका डोक्यावर पऱ्ह्यांच्या जुड्यांचं घमेलं घेऊन बांधावरून येत होती. त्याला पाहून तिचा चेहरा खुलला.

"काका! मिला क्या वो?"

"मिळाला," हेमराज म्हणाला. "मावशी, जरा इकडं ये."

विमलाबाई ओळीतून निघून बांधापाशी आली. तिने हात पाण्यात बुचकळले, पदराला पुसले आणि बाटलीतलं पाणी पिऊन अर्धी बाटली त्याच्यापुढे धरली. "उन्हातानाचा आलास. पी आधी."

"मावशी, ते एच. आर. म्हणजे हेमराज."

"कोनता हेमराज?"

"मी."

श्रुतिकाने घमेलं खाली ठेवलं. तिच्या चपला दूर झाडाखाली होत्या, एवढं त्याचं नशीब. पण तिने त्या दिशेला पाहिलंही नाही.

"आपने?" ती म्हणाली. आजवर त्याला ती कधी आप म्हणाली नव्हती.

तो सांगत गेला. माइक, एजन्सी, ओटीपी, मुंबईचा तो चोर, जो आलाच नाही. सांगताना प्रत्येक गोष्ट समजण्यासारखी होती, आणि सगळ्या मिळून त्याच्या तोंडून निघत नव्हत्या. बाया आता काम थांबवून ऐकत होत्या.

"मंग घरचंच निंगालं," विमलाबाई म्हणाली. तिचे खांदे सैल झाले. "मले वाटलं, कोनी परका आहे. तुनं लावलं तं तूच काढ. चालू करून दे पोरीचं."

"ते नाही होत मावशी. ते गेलं."

"गेलं म्हंजे?"

"परत नाही येत."

विमलाबाईने पदर नीट खोचला. "अंजनाचं?"

अंजनाबाई तिची शेजारीण. पन्नास पावसाळे दोघी एका ओळीत वाकल्या होत्या. अंजनाबाई हिवाळ्यात वारली. तिचं एकच गाणं श्रुतिकाने टिपलं होतं, गेल्या रोवण्यात.

"तेबी त्याच्यातच होतं," हेमराज म्हणाला. मग घाईने श्रुतिकाकडे वळला. "तुह्या फोनमधे असंल ना?"

"नाही." श्रुतिका पाण्याकडे पाहत होती. "तुमीच बोलले होते. फोनमधे कचरा नको ठेवू, सगळं वर ठेव, वर सेफ राह्यते. मी डिलीट केलं."

ते तो म्हणाला होता. गेल्या दिवाळीत, फराळ करता करता, सगळ्यांसमोर. चांगलं वाक्य होतं. राकेशलाही ऐकवलं होतं.

"महेंद्र रोज लावत होता ते," नूतन कोणालाच न उद्देशून म्हणाली. महेंद्र अंजनाबाईचा लेक, नागपूरला कंपनीत होता. "जेवतानी. त्याची बायको सांगत होती."

विमलाबाईने पुन्हा हात बांधीच्या पाण्यात घातले आणि धुतले. चिखल आधीच निघालेला होता, तरी ती बोटं चोळत राहिली.

"त्याले मी सांगतो," हेमराज म्हणाला.

"तू राहू दे."

ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती जेवणाला बोलावल्यासारख्या आवाजात म्हणाली. मग हेमराजला राहवेना. तो पुस्तकी मराठीत शिरला.

"मावशी, मी हे असं सोडणार नाही. मी त्या एजन्सीला नोटीस देईन. गरज पडली तर भोपाळपर्यंत जाईन. यंत्रांनी माणसाचा आवाज असा गिळून टाकायचा, ही व्यवस्थाच मुळात बदलली पाहिजे. मी लेख लिहीन. तुम्हा सगळ्यांच्या नावाने नवं चॅनेल काढून देईन, एकेक गाणं नव्याने, उत्तम माइकवर, आणि त्यावर तुमचा, केवळ तुमचाच हक्क..."

विमलाबाई तो थांबेपर्यंत थांबली. रेडिओवर बाजारभाव सांगतात, तेव्हा ती असंच तोंड करून बसत असे. मध्येच तिने आभाळाकडे पाहिलं, मग उरलेल्या बांधीकडे. दुपार कलली होती आणि अर्ध्याहून जास्त रोवायचं राहिलं होतं.

तो थांबल्यावर तिने श्रुतिकाच्या घमेल्यातल्या जुड्या पाण्यात उतरवल्या, घमेलं हालवून कोरडं केलं आणि ओळीकडे वळून म्हणाली, "टाका वं याच्यात."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग नूतनने कमरेची पिशवी सोडून फोन घमेल्यात ठेवला. मागचीने ठेवला. बटणांचे, पडद्याचे, रबर लावून धरलेले फोन एकेक करून येत गेले. कोणी ठेवण्याआधी पदराने पुसला. श्रुतिकाने आपला सगळ्यांत शेवटी ठेवला, पालथा.

"तुहाबी टाक," विमलाबाई म्हणाली.

हेमराजने टाकला. तिने घमेलं उचलून त्याच्या हातात दिलं.

"हे घेऊन त्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बस. लय जवळ नको. त्याच्याबी पलीकडं गेलास तरी चालन."

"मीबी?"

"हौ बाबू. तूबी."

ती ओळीत आपल्या जागी गेली. डाव्या हाताला एका बाईपुरती जागा रिकामी होती. ती भरायला कोणी सरकलं नाही. विमलाबाई वाकली, पऱ्ह्यांची जुडी सोडली. गाणं काही लगेच सुरू झालं नाही. तिने मान वर करून पाहिलं, तर हेमराज अजून बांधावरच उभा होता, घमेलं दोन्ही हातांनी छातीशी धरून.

"आन नूतनच्या मोबाईलची काच तुटली आहे," ती म्हणाली. "तो वरच ठेवजो."